सडा दादाचा, करवंदं तुमची

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. वय ४७, ठाण्यात नोकरी. घरामागची पाखाडी चढून गेलं की सडा लागतो, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. लहानपणी मे महिन्यात सकाळची पेज पोटात गेली की आम्ही सगळी चुलत-आते भावंडं तिथेच. करवंदं, तोरणं, आळू, उतरताना काजूची बोंडं. दुपारी घरी यायचो ते चिकाने चिकटलेले ओठ आणि डागाळलेले फ्रॉक घेऊन. बाबांनी कलमं लावली तेव्हा मी सातवीत होते, खड्ड्यात माती भरायलाही आम्हीच.

यंदा बऱ्याच वर्षांनी मेमध्ये जायला जमलं. १२ वर्षांच्या लेकीला मुद्दाम सड्यावर नेलं. अर्ध्या सड्याला तारेचं कुंपण, पलीकडे जांभ्या दगडाची चिरेखाण आणि आमच्या जागेतल्या जाळ्या तोडून दादाने काजू लावलेले. शोधशोध करून ओंजळभर करवंदं मिळाली नाहीत. लेक म्हणाली, "आई, करवंदं तर ठाण्याला स्टेशनबाहेर मिळतात, मग रडतेस काय?" रात्री जेवताना दादाने सांगितलं, वरचे दोन एकर खाणीला द्यायचे आहेत, तुझी सही लागेल. माझा तोल गेला. "तू आमचं बालपण विकायला काढलंस," असं वहिनी आणि पोरांसमोर बोलले. तो म्हणाला, "तू चार दिवस येतेस, आंबे खातेस नि जातेस. इथला पावसाळा मी काढतो." दुसऱ्या दिवशी मी निघून आले. तेव्हापासून फोन नाही. आता संमतीपत्र कुरियरने आलंय. सही करू का? गणपतीला जाऊ का? आणि करवंदांसाठी रडणं हा वेडेपणा आहे का?

– काळी मैना, ठाणे

उत्तर:

नमस्कार. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोघांचं घोडं तिथेच अडलंय.

वेडेपणा अजिबात नाही. करवंदं काढणं हे हाताने शिकायचं काम आहे. जाळीत हात वरून घालायचा नाही, खालून घालायचा, कारण काट्याला दोन टोकं असतात आणि एक चुकवलं तर दुसरं टोचतं. पिकलेलं करवंद नुसत्या बोटाच्या स्पर्शाने हातात येतं. लालसर असेल तर ओढावं लागतं आणि देठातून पांढरा चीक ठिबकतो. तो चीक पाण्याने जात नाही, खोबरेल तेल लावावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत ओठ चिकटलेले. पानाचा द्रोण करून त्याच जाळीचा काटा टोचायचा. मग करवंद अर्धं चावून समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. आणि हरलेल्याने आपल्या द्रोणातली करवंदं मुकाट द्यायची. हे सगळं तुमच्या हातात आजही शाबूत आहे, लेकीला द्यायला तुम्ही इतक्या लांबून गेलात आणि द्यायला जागाच उरली नव्हती. रडू येणारच. मला तर पत्र वाचतानाच दात आंबले.

पण रडू येणं वेगळं आणि त्या रडण्याची जबाबदारी दादाच्या ताटात वाढणं वेगळं. तिथे मी तुमच्या बाजूने नाही.

तुमच्याच पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. तुम्ही सातवीत असताना बाबांनी कलमं लावली. तुमचं आजचं वय धरून हिशेब केला तर ते साल १९९० च्या आसपासचं येतं. त्याच वर्षी राज्य सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आणली आणि कोकणातल्या कितीतरी पडीक वरकस जमिनी हापूस आणि काजूखाली आल्या. कातळावर कलम लावायचं म्हणजे काय करावं लागायचं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. सुरुंग लावून खड्डा फोडायचा, दुसरीकडून माती आणून तो भरायचा, मध्ये येणारी जाळी कोयत्याने साफ करून पेटवून द्यायची. म्हणजे करवंदीच्या जाळ्या तुमच्या घरातही पहिल्यांदा तुटल्या त्या बाबांच्या हातून. तेव्हा तुम्ही खड्ड्यात माती भरत होतात आणि तो आनंदाचा दिवस होता. गावातल्या एखाद्या म्हातारीने त्या दिवशी नक्की म्हटलं असणार, आता गुरांनी चरायचं कुठे? बाबांनी जाळी तोडली की तो घाम आणि दादाने तोडली की ती विक्री, असा न्याय लावू नका. दोघांनीही पोटापाण्याकडे बघूनच कोयता उचलला.

त्याहून एक गोष्ट तुम्हाला बोचेल, तरी सांगते. करवंदीची जाळी ही घनदाट रानातली नव्हे. तिला ऊन लागतं, मोकळी जागा लागते. गुरं आजूबाजूचं गवत आणि कोवळा पाला खातात, काट्यामुळे करवंदीला तोंड लावत नाहीत, म्हणून चरणीच्या माळावर तीच फोफावते. तुमच्या लहानपणी सडा करवंदांनी भरलेला होता, कारण वाडीतली गुरं रोज तिथे चरायला जायची, बायका जळणाला फाटी तोडायच्या आणि दुसऱ्या झाडांना डोकं वर काढायची संधीच मिळत नव्हती. आज वाडीत किती गोठ्यांत गुरं आहेत? बहुतेक गोठ्यांत आता मोटारसायकली उभ्या असतील. घरोघरी गॅस आला तसं जळणही थांबलं. गुरं गेली की गवत उभंच्या उभं वाळतं आणि वणवा आला तर भडकतो. उतारावर जिथे वणवा लागत नाही तिथे रान माजतं, त्याच्या सावलीत करवंदीला फळ कमी धरतं. दादाने काजू लावले नसते तरी तुम्हाला १९८५ चा सडा सापडला नसता. तो सडा राखायचा तर कुणीतरी रोज गुरं घेऊन वर जायला हवं होतं. तुम्ही ठाण्याला आलात. (आलात ते बरंच केलंत. गुरं राखायला मागे राहायला हवं होतं, असं कोणत्याही मुलीला सांगणारी मी नाही.)

आता दादाचं वाक्य. "इथला पावसाळा मी काढतो." तुम्हाला त्यात टोमणा ऐकू आला. मला त्यात दमलेला माणूस ऐकू येतो. हापूसच्या बागेत गेल्या काही वर्षांत मोहरावर थ्रिप्स ही कीड पडतेय, फवारण्या वाढल्यात, ऐन तोंडावर अवकाळी पाऊस येतो, वानरांनी तर उच्छाद मांडलाय. राखणीला नेपाळी गडी ठेवावा तर त्याचा पगार वर्षभर आणि आंबा दीड-दोन महिने. दर पावसाळ्याआधी कौलं चाळणं, गडगा ढासळला तर तो रचणं, आजारी माणसाला तालुक्याला नेणं. तुम्ही खाता ती आंब्याची पेटी या सगळ्यातून बाहेर पडून ठाण्याला पोचते. दोन एकर कातळाचे कुणी रोख पैसे देतो म्हणाला, तर त्याने विचारही करू नये?

करावा. तरीही सही करू नका. निदान आत्ता नको, या कागदावर नको.

गोंधळलात? कारण सांगते. "बालपण विकतोस" हा मुद्दा कमकुवत आहे, त्याला दादाकडे उत्तर आहे आणि ते त्याने दिलं. तुमच्याकडे याहून भक्कम मुद्दा आहे आणि तो दादाच्याही फायद्याचा आहे. तो म्हणजे पाणी. जांभा हा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि खाली घळीत झऱ्याने, पायथ्याला विहिरीत उतरतो. तुमची विहीर, बागेला मे महिन्यात लागणारं पाणी, खालच्या वाडीचा पऱ्या म्हणजे ओढा, हे सगळं डोक्यावरच्या कातळाशी बांधलेलं आहे. मशीनची पाती फिरली की वरची वीतभर माती आधी बाजूला जाते, मग थरामागून थर उतरवत खड्डा विहिरीसारखा खोल होतो. चिरा संपला की ठेकेदार मशीन उचलून पुढच्या सड्यावर. मागे उरतो सरळ कडांचा खड्डा, पावसाळ्यात हिरव्या पाण्याने भरलेला, ना कठडा ना पायरी. त्यात गुरं पडतात, पोरं पोहायला उतरतात. पलीकडची खाण तुम्ही पाहिलीत ना? तिच्याखालच्या घरांच्या विहिरींना या मे महिन्यात पाणी किती होतं, एवढंच दादाला विचारा. उत्तर तुमच्यापेक्षा त्याला जास्त नेमकं ठाऊक आहे.

कागदाचं थोडक्यात. सातबारा सामायिक आहे, म्हणून तुमची संमती लागते. चिरा हे गौण खनिज, ते काढायला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं, नुसतं ठेकेदार आणि मालक यांचं ठरून भागत नाही. परवानगीत मंजूर झालेल्या हद्दीबाहेर उत्खनन झालं तर दंडाची नोटीस जमीनमालकाच्या नावानेही येऊ शकते, म्हणजे तुमच्याही. तेव्हा किती क्षेत्र, किती खोली, किती मुदत, विहिरीपासून अंतर किती, खड्डा बुजवून कोण देणार आणि त्यासाठी अनामत किती, हे लिहिलेलं नसेल तर तो कागद बिनकामाचा. कुलमुखत्यारपत्र तर अजिबात देऊ नका. राजापूरच्या किंवा रत्नागिरीच्या वकिलाला दाखवा, ठाण्याच्या नव्हे. तिथल्या वकिलाला त्या ठेकेदाराची कुंडली माहीत असते.

आणखी एक. सही मागण्याआधी दादाने सडा नीट पायाखाली घातलाय का? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ ही ठिकाणं तुमच्याच तालुक्यातली. गावागावांतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती पाहिलेली होती, पांडवांनी काढली म्हणून सोडून दिली होती. तुमच्या दोन एकरांत असं काही असेलच असं नाही. पण पाती फिरायच्या आधी एकदा बघून घ्या, नंतर बघायला काही राहत नाही.

आता तुम्हाला थोडं कडू. दादाने तुमचं नाव सातबाऱ्यावर राहू दिलंय. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला हे खरं, पण कोकणात बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची पद्धत अजून जोरात आहे. बहुतेक वेळा ते दिवाळीच्या ओवाळणीसारखं, हसत हसत होतं. बहीण सही करते कारण माहेर तुटायला नको. तुमच्या घरात तसं झालं नाही. तुमचं नाव आहे म्हणून आज तुमची सही लागतेय आणि दादा ती रीतसर मागतोय. भांडताना ही गोष्ट लक्षात आली नसेल, शांतपणे विचार करताना यायला हवी.

नाव आहे तर मग मालकिणीसारखं वागा. हे माझं मुख्य म्हणणं. आठवणींच्या जोरावर दुसऱ्याला "विकू नकोस" सांगायचं आणि राखण्याचा खर्च मात्र त्याच्यावर टाकायचा, हा पाहुण्यांचा हट्ट झाला. दादाला सरळ विचारा, पैसे कशासाठी हवेत आणि किती? पोराच्या शिक्षणाला? घराच्या छपराला? बागेच्या कर्जाला? आकडा कळला की निम्मं भांडण संपतं. तो तुमच्या आवाक्यातला असेल तर सड्यातला तुमचा वाटा म्हणून दरवर्षी काही रक्कम पाठवायचं ठरवा, कुंपण आणि राखण यांच्या खर्चासकट, आणि ते उपकार म्हणून नको, हिशेब म्हणून लिहून. आवाक्याबाहेर असेल तर दोनाऐवजी अर्धा एकर, विहिरीच्या विरुद्ध अंगाचा, वर सांगितलेल्या अटी घालून, असा मधला मार्ग काढा. तेव्हा सही करायला मी हरकत घेणार नाही. घरं बांधायला चिरा लागतोच आणि तुमच्या माहेरच्या भिंतीही त्याच्याच आहेत. तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप मागण्याचा रस्ता कायद्यात आहे, पण तो शेवटचा. रागात घातलेला वाटपाचा अर्ज मी बऱ्याच घरांत पाहिलाय. जमिनीचे तुकडे पडायला वर्षं लागतात, माणसांचे लगेच पडतात.

करवंदांचं काय? ती परत आणणं यातलं सगळ्यात सोपं काम आहे. काजूच्या बागेला गुरं येऊ नयेत म्हणून दादाने तार ओढली असेल किंवा ओढणार असेल. त्या तारेच्या आतून करवंदीचं कुंपण लावा. जुनी लोक गडग्यावर करवंद लावायची ती याचसाठी. बी ताजं असतानाच रुजतं, वाळवून ठेवलेलं सहसा उगवत नाही. म्हणून पुढच्या मेमध्ये सड्यावर कुठेतरी उरलेल्या जाळीची पिकलेली करवंदं आणून गर धुऊन लगेच पिशव्यांत टाका, आणि रोपं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात हात-दोन हात अंतराने लावा. इतका दम नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढलेली आहे, तिची रोपं याच पावसात लावता येतील. लोणच्याला ती उत्तम. रानच्या करवंदाची चव तिला आहे का, असं विचारलंत तर मी विषय बदलेन. तीन-चार वर्षांत फळ धरतं. एक पट्टा कुंपणाला न लावता असाच मोकळा सोडा, त्यात उरलेल्या जाळ्या तशाच राहू देत. दादाला यात तोटा नाही. वहिनींना कच्ची करवंदं लोणच्याला मिळतील, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात तुम्ही त्यांना एका शब्दाने विचारलेलं नाही.

ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, कायद्याने असायला हवी. तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावच्या वहीत करवंद, तोरण, आळू, चारोळीचं झाड यांच्या जागा नोंदवल्यात का ते बघा. बहुतेक ठिकाणी वही कपाटात असते. पुढच्या वेळी कुणाच्या सड्यावर खाण येऊ घातली तर बोलायला हातात कागद असलेला बरा.

लेकीबद्दल तुम्ही जरा नाराजीने लिहिलंय. ती चुकीचं काही बोलली नाही. ठाणे-कल्याणला स्टेशनबाहेर पाटीत पानं अंथरून "काळी मैना, डोंगरची मैना" म्हणत बसतात त्या बायका बऱ्याचदा शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतून येतात, ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या. आदल्या दिवशी दिवसभर जाळ्यांत हात घालून काढलेली करवंदं घेऊन पहाटेची गाडी पकडतात. तुमच्यासाठी जी मेची मौज होती ती त्यांची मेची कमाई आहे, पाऊस पडेपर्यंतची. मोठं झाल्यावर लेकीला करवंद म्हटलं की स्टेशनचा जिना आणि ती पाटी आठवेल. आठवू दे. तिला सड्याची ओळख करवंदापासूनच व्हायला हवी असा हट्ट नको. गणपतीत सडा बघितलाय का तिने? त्या दिवसांत कातळावर पाण्याच्या पातळ थरात सीतेची आसवं फुललेली असतात, निळीजांभळी, नखाएवढी. गेंद या रानफुलाचे पांढरे गोंडे असतात. तिला ते दाखवा आणि करवंदांचा विषय काढू नका, तिने विचारल्याशिवाय.

म्हणजे गणपतीला जायचंच. प्रश्नच नाही. पण कागद घेऊन जाऊ नका आणि आरतीच्या दिवसांत खाणीचं बोलू नका. गौरी जेवल्या, पाहुणे पांगले की मग दादाबरोबर दोघंच सड्यावर जा, विहिरीवरून जा, आणि हे पाण्याचं तिथे उभं राहून बोला. त्याआधी फोन करायचा तो दादाला. वहिनींमार्फत निरोप नको, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज तर मुळीच नको. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी" एवढं म्हणा, "पण" लावू नका. मग म्हणा, सहीचं गणपतीनंतर बसून बोलू, तोवर ठेकेदाराकडून आगाऊ पैसे घेऊ नकोस. आगाऊ घेतलेले असतील तर तेही आताच विचारून घ्या, कारण तसं असेल तर वकिलाकडे गणपतीआधी जावं लागेल.

गाडीचं आरक्षण एव्हाना संपलेलं असणार. ठाण्याहून एसटीच्या जादा गाड्या सुटतात, त्यात बघा.